कासवाची सवड



आपल्याकडे थंडी पडते तेव्हा मॉरिशसमध्ये उन्हाळा असतो. याच दिवसांत हिंदी महासागरातली मोठमोठी प्रवासी जहाजं पोर्ट लुईच्या बंदराला लागतात. सकाळी प्रवासी उतरतात, संध्याकाळी जहाज सुटतं. मधल्या सात-आठ तासांत बेट बघायचं असतं. शामारेलची रंगीत माती, गंगा तलावाकाठचा महादेव आणि तिथली माकडं, पाम्पलमूसच्या बागेतली परातीएवढाल्या पानांची कमळं, जमल्यास डॉल्फिन आणि शेवटी कासवं. धक्क्यावर बस उभी असते, गाईडच्या हातात यादी असते आणि परतायची वेळ सगळ्यांना तोंडपाठ असते.

अशा दिवसाला मी नावं ठेवणार नाही. आयुष्यभर काटकसर करून निवृत्तीनंतर एकदाच समुद्रप्रवासाला निघालेली कितीतरी माणसं त्या बसमध्ये असतात. त्यांना सगळं बघावंसं वाटतं, यात वावगं काहीच नाही. मला आज बोलायचं आहे ते फक्त यादीतल्या जिवंत गोष्टींबद्दल. धबधबा आपल्या वेळेला हजर असतो. कासवाला मात्र आपली वेळ ठाऊक नसते.

महाकासवाला कसं भेटावं, ते सांगते. मागून जाऊ नये. समोर, त्याला दिसेल असं बसावं. ते मान आत ओढून घेतं आणि फुस्स करून श्वास सोडतं. आपण हलायचं नाही. थोड्या वेळाने ती सुरकुतलेली, राखाडी मान पुन्हा बाहेर येते. पाणावलेले काळेभोर डोळे आपल्याकडे बघतात. मग गळ्याखाली बोटांनी हलकेच खाजवावं. कासवाच्या मनात असेल तर ते चारी पायांवर ताठ उभं राहतं. दीड-दोनशे किलोचं धूड जमिनीपासून वर उचललं जातं, मान शक्य तेवढी लांब होते आणि ते तसंच स्तब्ध राहतं. कातडीच्या घड्यांमधले किडे पक्ष्यांना टिपता यावेत म्हणून महाकासवं अशी उभी राहतात. आपलं बोट त्याने चोच म्हणून स्वीकारलेलं असतं. एवढ्या मोठ्या जिवाने असा विश्वास टाकला की माणूस आपोआप हळू बोलू लागतो.

हे घडायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास, आणि कधी घडतच नाही. तेवढी सवड नसली की पाठीवर पोर बसवून फोटो काढायची घाई होते. पण ते कवच म्हणजे काही दगड नव्हे. कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा त्यातच जुळलेले असतात, आणि त्यावरचा स्पर्श त्याला कळतो.

मॉरिशसमध्ये आज दिसणारी ही कासवं मूळची तिथली नाहीत. ती सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाच्या जातीची. मॉरिशसची स्वतःची महाकासवं होती, दोन जातींची. ती संपली, आणि त्याला कारण जहाजं. १५९८ साली डच खलाशी या बेटावर उतरले. महाकासव अन्नपाण्याशिवाय कित्येक महिने जगतं, हे दर्यावर्दी लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. मग जहाजाच्या तळघरात कासवं रचून न्यायची आणि ताजं मांस हवं तेव्हा एकेक कापायचं, अशी रीतच पडली. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर १६९१ साली फ्रांस्वा लेग्वा नावाचा फ्रेंच प्रवासी राहायला गेला. कासवांच्या पाठींवर पाय ठेवत शंभराहून जास्त पावलं चालत जाता येईल, इतकी दाटी असल्याचं त्याने लिहून ठेवलं. पुढच्या साधारण शंभर वर्षांत तिथे एकही उरलं नाही. डोडोचीही तीच गत. माणसाची भीती ठाऊक नसलेला, उडता न येणारा हा पारव्याच्या कुळातला पक्षी. जहाजांतून आलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी त्याची अंडी-पिल्लं फस्त केली. तो नक्की दिसल्याची शेवटची नोंद १६६२ची मानतात.

अल्डाब्राची कासवंही त्याच वाटेने जायची, पण १८७४ साली डार्विनसह काही शास्त्रज्ञांनी मॉरिशसच्या गव्हर्नरला पत्र लिहून त्यांना वाचवण्याची विनंती केली. आज अल्डाब्रावर लाखभर कासवं आहेत. वेळेवर लिहिलेल्या पत्राने काय होऊ शकतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

आणखी एक कासव सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७६६ साली मॅरियॉन द्यू फ्रेन या फ्रेंच दर्यावर्द्याने सेशेल्सहून एक मोठं कासव आणलं आणि पोर्ट लुईच्या लष्करी छावणीत ठेवलं. फ्रेंच गेले, इंग्रज आले, कासव तिथेच राहिलं. १९१८ साली ते मेलं. म्हणजे बेटावर आल्यापासूनच १५२ वर्षं. आता हा हिशोब बघा. १८३४पासून ऊसमळ्यांवर राबायला कंत्राटी मजूर या बंदरात उतरू लागले. त्यांत आपल्या कोकणातलेही होते. जिथे त्यांची नोंद होत असे तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. समुद्राने गांजलेली, हातात गाठोडं घेतलेली ती मराठी माणसं धक्क्यावर पाय ठेवत होती, तेव्हा त्याच गावात हे कासव चरत होतं. त्या माणसांच्या वंशजांच्या घरी अजून गणपती बसतो, आणि त्या दिवशी साऱ्या मॉरिशसला सुट्टी असते. एका कासवाच्या आयुष्यात एवढं सगळं मावतं. त्याला आपण दहा मिनिटं देतो.

बेटाच्या आग्नेयेला माहेबूर गावासमोर इल ओ एग्रेत नावाचं चिमुकलं बेट आहे, जेमतेम २६ हेक्टरांचं. पोर्ट लुईहून तास-सव्वातासाचा रस्ता आणि पुढे छोटी होडी. तिथे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने जुनं रान पुन्हा उभं केलं आहे. एबनीची झाडं होती, पण त्यांची फळं खाऊन बिया दूर पसरवणारी कासवंच नव्हती. फळं झाडाखालीच पडून राहायची. २०००च्या सुमारास अल्डाब्राची कासवं तिथे सोडली. त्यांनी फळं खाल्ली, रानभर हिंडली, आणि त्यांच्या विष्ठेतून एबनीची रोपं उगवली. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात, हेही संशोधकांनी पाहिलं. त्या रानात चालताना कासव दिसेलच याची हमी कुणी देत नाही. दिसलं तर ते आपल्या कामात असतं. वेळ असेल तर बाकी सगळं गाळून तिथे जावं, असं मी म्हणेन.

डॉल्फिनचं मात्र मनाला लागतं. पश्चिमेच्या तामारँ उपसागरात सकाळी जे डॉल्फिन दिसतात, ते रात्रभर खोल समुद्रात मासे धरून विश्रांतीला आलेले असतात. कळप एकवटून, संथ पोहत ते एक प्रकारे झोपलेले असतात. नेमक्या त्या वेळी चहूबाजूंनी बोटी येतात आणि त्यांच्या वाटेत माणसं पाण्यात उड्या मारतात. डॉल्फिन बुडी मारून पुढे जातात, बोटी पुन्हा वळसा घालून समोर येतात. बोटवाल्याचं पोट त्यावर आहे, हे खरं. पण तो वळसा घालतो तो आपण किनाऱ्यावर पैसे मोजताना हट्ट धरलेला असतो म्हणून.

प्राण्याच्या कलाने थांबणं आपल्याला अवघड नाही, कारण आपल्या कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर लोक ते करतातच. कासवांची पिल्लं बघायला पहाटे येऊन दोरीमागे उभे राहतात, आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघालं नाही तर मुकाट चहा पिऊन परततात.

तेव्हा मॉरिशसला जा, अंदमानला जा, नाहीतर तारकर्लीला. सहलीचे पैसे भरण्याआधी एकच विचारा: प्राण्याला आम्ही नको असलो, तर त्याला निघून जायला वाट आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती सहल घेऊ नका.