सबबींचा साठा

माणसाच्या अंगी प्रतिभा असो वा नसो, ती का फुलली नाही याची कारणं प्रत्येकाजवळ तयार असतात. माझ्याजवळ तर ती शिस्तीत लावून ठेवलेली होती, कारण रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी 34 वर्षं काढली. लग्नाआधी खोलीत चार पार्टनर, म्हणून कविता होत नव्हती. मग लग्न झालं, तेव्हा संसार. मुलगा झाला तेव्हा त्याचं रडणं, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याचं बोलणं.

तरी रात्रपाळीला, दोन ते चार, आवकजावक थांबली की मी चलनाच्या पाठीमागे दोन-चार ओळी खरडायचो. एकदा तसलं एक चलन मालाबरोबर थेट गिऱ्हाइकाकडे गेलं. तिकडून तक्रार आली, ती गास्केटबद्दल. कवितेबद्दल चकार शब्द नाही. समीक्षकांच्या उपेक्षेची सवय मला तेव्हापासूनची.

"एकदा रिटायर होऊ दे, मग बघ!" हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलं की मुलगा ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायचा.

2019 साली झालो रिटायर. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला. खिडकीशी टेबल मांडलं. इमारतींच्या फटीतून पारसिकचा डोंगर दिसतो, पावसाळ्यात तो हिरवागार होतो. याहून जास्त सोय कालिदासाचीही नसेल. महिनाभर बसलो. वहीवर रोजची तारीख पडली. ठाणे-वाशी लोकल 2004 साली सुरू झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. आता तिचे भोंगे मोजू लागलो.

मग आठवल्या बहिणाबाई चौधरी. ऐन तिशीत वैधव्य, पदरी मुलं, शेताचं काम, अक्षरओळख नाही. आणि गाणी कुठे सुचली? तर जात्यावर नि शेतात. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक. 'ऐसा गा मी ब्रह्म' 1962 साली आलं. त्यांना कुणी खिडकीशी टेबल मांडून दिलं नव्हतं. म्हणजे माझी सगळी कारणं बोगस? की रात्रपाळीच गेली म्हणून कविताही गेली? हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न मी दुपारच्या झोपेपर्यंत आणून सोडत असे.

तेवढ्यात ही बाथरूमपाशी घसरली. उजव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. स्वयंपाक माझ्याकडे आला. तिसऱ्या दिवशी कणीक मळता मळता अचानक एक ओळ सुचली. दोन्ही हात पिठात!

"अगं, पेन घे! लवकर!"

"कुठल्या हाताने घेऊ?"

मी ओळ विसरू नये म्हणून मोठमोठ्याने घोकू लागलो. पुढची काही जुळेना. ही कोथिंबीर निवडत होती, डाव्या हाताने. मान वर न करता तिने दुसरी ओळ म्हटली. यमकासकट.

"तुला कसं सुचलं?"

"सुचतं की रोज. पण चपाती करपते ना."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्ही विचारलंत कधी?"

स्टोअरमधला एक वॉशर कमी पडला तरी मी रजिस्टर उलटंपालटं करायचो. पण माझ्या रात्रीच्या त्या दोन तासांसाठी घरातून काय खर्ची पडलं, त्याची नोंद कुठेच नव्हती. डबा तिचा, मुलाला निजवणं तिचं, दिवसा मी झोपलो की "बाबा झोपलेत, श्श" हेही तिचंच. बहिणाबाईंची गाणी टिपून ठेवायला सोपानदेवांसारखा मुलगा होता, म्हणून त्या गेल्यावर वर्षभरात, 1952 साली, अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. आमच्या घरात टिपून घेणारा एकच होता, आणि तो स्वतःच्याच ओळी टिपत होता.

प्लास्टर निघून आता बरेच दिवस झाले. सकाळची कणीक अजून मी मळतो. चपात्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या होतात, कोकणपट्टी जरा जास्त लांबते. ही टेबलाशी बसते. काय लिहिते ते दाखवत नाही. काल हळूच मागे जाऊन डोकावलो. वर किराण्याची यादी होती, आणि खाली सात-आठ ओळी. पहिली वाचेपर्यंत तिने त्यावर हात ठेवला.

"करपतेय," ती म्हणाली.