जुन्या विमानाचे ऋण

मनुष्यास जुन्या आयुधांविषयी एक प्रकारचे ममत्व वाटत असते. ज्या तलवारीने एके काळी माणसे पडली, तीच दिवाणखान्याच्या भिंतीवर चढली की घराण्याचे भूषण होते. तिच्या धारेची आठवण कोणी काढीत नाही. मुठीवरील नक्षीचे कौतुक मात्र सर्वजण करतात. आम्हा लष्करवासीयांस हे नवे नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली आणि त्या छावणीचेच शहर झाले. ज्या गावाचे नावच लष्कर, तेथे दसऱ्याचे शस्त्रपूजन हे जितके धर्मकृत्य तितकेच कुलकृत्य असावे, यात नवल ते काय?

आज ज्या जुन्या आयुधाविषयी आम्ही लिहिणार आहोत, ते मात्र तलवार नसून विमान आहे. आमच्या शहराजवळ महाराजपूर येथे वायुसेनेचा तळ आहे आणि तेथील मिराज विमानांत वायुसेनेच्या पहिल्या स्क्वॉड्रनची विमाने आहेत. हे स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या द्रिघ रोड तळावर उभे राहिले, तेव्हा त्याच्यापाशी होती अवघी चार वापिटी विमाने. एकावर एक असे दोन पंख, त्यांना जोडणारे खांब व ताणलेल्या तारा, पंखांवर कापडाचे आच्छादन, आणि वाऱ्यापावसात उघड्यावर बसणारे दोन वीर. वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्या आसपास. दिल्लीस पालम येथील संग्रहालयात असे एक वापिटी जपून ठेविले आहे. ते पाहून ममता वाटणार नाही, असा मनुष्य विरळा.

परंतु हे विमान केले कशासाठी आणि वापरले कोठे? १९३७ साली या स्क्वॉड्रनच्या वापिटी विमानांनी उत्तर वझिरिस्तानात मीरानशाह येथून आपली पहिली मोहीम केली. इपीच्या फकिराच्या बंडाचा तो काळ. सरहद्दीवर विमानांची रीत ठरलेली होती : आधी सूचनापत्रके टाकावयाची, मुदत संपली की गावावर बाँब. १९३३ च्या मार्च महिन्यात, म्हणजे स्क्वॉड्रनच्या जन्मापूर्वी थोडेच दिवस, जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेपुढे ब्रिटनने जो मसुदा मांडला, त्यात आकाशातून बाँब टाकण्यास संपूर्ण बंदी होती. अपवाद एवढाच, की दूरच्या काही प्रदेशांत पोलिसी कामासाठी ती लागू नसावी. कायद्याच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या आम्हास असल्या अपवादाची भाषा चांगली परिचित आहे. नियम आपल्यासारख्यांसाठी, अपवाद इतरांसाठी!

यावर कोणी म्हणेल, हुकूम परक्या सरकारचा होता; दोष त्याचा. सुब्रतो मुखर्जी व त्यांचे सहकारी यांना मोहीम निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. हिंदी मनुष्य विमान चालवू शकतो, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते, आणि ते त्यांनी केले. १९४४ साली इंफाळच्या रणांगणावर अर्जनसिंगांच्या नेतृत्वाखाली याच स्क्वॉड्रनने पराक्रम केला. १९५४ साली मुखर्जी वायुसेनेचे पहिले हिंदी प्रमुख झाले. हे सर्व खरे आहे, आणि त्या तरुणांचा न्याय आजच्या आरामखुर्चीत बसून करण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

प्रश्न त्यांचा नाही, आपला आहे. आपल्या धर्मशास्त्राने पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानिले. त्यासही अपवाद होता : जुगार, मद्यपान अशा दुराचारापोटी केलेले ऋण पुत्रावर बंधनकारक नसे, त्यास अव्यावहारिक ऋण म्हणत. पुढे २००५ च्या दुरुस्तीने केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारे पुत्रावर दावा लावण्याची वाटच कायद्याने बंद केली. तेव्हा वझिरिस्तानचे ऋण अव्यावहारिक ठरवून आपण मोकळे व्हावे काय?

आम्हास तसे वाटत नाही. दस्तऐवजातील लाभाचे कलम स्वीकारावयाचे आणि भाराचे नाकारावयाचे, हे कोणतेही न्यायालय चालू देत नाही. स्क्वॉड्रनचे वय आपण १९३३ पासून मोजतो. 'पहिले' हा मान त्याच तारखेमुळे मिळतो. मग जमेची बाजू १९३३ पासून आणि नावेची बाजू १९४७ पासून, असे हिशेब कसे लिहिता येतील? देवस्थानाचा विश्वस्त अशी वही पुढे ठेवील, तर आपण त्यास क्षणभर तरी त्या जागी राहू देऊ काय?

आणि हे केवळ विमानांपुरते नाही. मराठ्यांचे झेंडे अटकेस लागले, ही आपली जमा. पण १७४० नंतरच्या दशकात बंगालवर ज्या स्वाऱ्या झाल्या, त्यांतील बर्गींचे भय तेथील अंगाईगीतात आजही उरले आहे. लेकरास निजविताना जी आई आपल्या पूर्वजांचे नाव भीतीने घेते, तीही आपल्या वारशाची एक धनको आहे. लष्करात राहून सरहद्दीच्या विमानांचा हिशेब मागणाऱ्याने हे पान उलटून पुढे जाता कामा नये.

हे ऋण पैशाने फिटणारे नव्हे. ते फिटते सांगण्याने. मुलांना पालमचे विमान दाखवावे, त्याच्या तारा व पंख दाखवावे, त्यात बसणाऱ्यांचे धैर्यही सांगावे; आणि ज्या गावांवर त्याची छाया पडली, त्यांची गोष्टही त्याच श्वासात सांगावी. पूर्वजांचा यात अपमान नाही. श्राद्धात आपण पितरांस पिंड देतो ते त्यांचे मनुष्यपण मान्य करूनच. देवास पिंड देत नाहीत. पूर्वजास निर्दोष ठरविणारा पुत्र त्याचे ऋण फेडीत नाही, ते पुढच्या पिढीच्या माथी मारतो. उघड्या विमानातील वीरास खालचे घर तरी दिसत होते. आजच्या वेगात व उंचीवर तेही दिसत नाही. म्हणून ते पाहण्याचे काम आता जमिनीवर राहणाऱ्या आपल्याकडे आले आहे.