तहानेची वाट पाहू नये



सज्जनहो, आज निरूपणास अभंग घेतला नाही, पाण्याचा तांब्या घेतला आहे. ज्या वडीलधाऱ्या मंडळींचे पाय वारीने झिजले त्यांनी हे चित्त देऊन ऐकावे. आणि ज्यांच्या घरी असे वडील आहेत त्यांनी दुप्पट चित्त देऊन ऐकावे.

एका आषाढी वारीतली गोष्ट. पुण्याहून सासवडची मजल मोठी, त्यात दिवेघाट. आभाळ भरून आलेले, उन्हाचे नाव नाही. आमच्या दिंडीतले सत्तरी उलटलेले एक आबा घाटमाथ्यावर टाळ हातात असतानाच मटकन खाली बसले. बोलणे भलतेच येऊ लागले. कुठे आलो हेही सांगता येईना. आम्हांस वाटले, अंगावरून वारे गेले. डॉक्टरांनी तपासले, सलाइन लावले; संध्याकाळी आबा शुद्धीवर आले. आम्ही विचारले, "आबा, सकाळपासून पाणी घेतलंत का?" ते म्हणाले, "तहानच लागली न्हाई, महाराज. पहाटं घोटभर चहा घेतला, तेवढाच."

तहानच लागली नाही! सारे मर्म येथे आहे. तरुणपणी देहाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे रांजणच लहान झाला. मूत्रपिंडे पूर्वीसारखे पाणी राखून धरीत नाहीत, म्हणजे रांजण पाझरू लागला. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांनी लघवी अधिक होते, ती गळती वेगळी. आणि या सगळ्यावर राखण करणारी जी तहान, तीच वयोमानाने झोपी जाते. रांजण रिता होत आला तरी राखणदार हाक देत नाही. मग चक्कर येते, तोल जातो, शौचास खडा होतो, लघवीची जळजळ सुरू होते, कधी माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. घरचे म्हणतात, "वय झालं." अहो, वय झाले खरे, पण पाणीही कमी पडले!

यावर उपाय वारकऱ्याला शिकवायला नको. आपण हरिपाठ कधी म्हणतो? मनाला इच्छा झाली म्हणजे? नाही. वेळ झाली म्हणजे. इच्छेची वाट पाहिली असती तर कित्येकांचा हरिपाठ राहिला असता. म्हणून संतांनी नेम लावून दिला. पाण्याचाही तसाच नेम धरावा. काकड्यानंतर एक पेला, न्याहारीबरोबर एक, पोथीला बसताना एक, दोन्ही जेवणांबरोबर एकेक, दुपारी उठल्यावर एक, दिवेलागणीपूर्वी एक, हरिपाठानंतर एक. पेला २०० मिलिलिटरचा धरला तर हे आठ पेले म्हणजे १ लिटर ६०० मिलिलिटर झाले. ताक, पेज, सरबत, चहा, दूध हेही हिशेबात धरावे. ऊन असेल, चाल असेल, घाम येत असेल, तर याहून अधिक लागते. मात्र एकदम तांब्या पालथा घालू नये. थोडे थोडे घ्यावे. आणि ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांनी तेच माप पाळावे.

आता कोणी म्हणेल, "महाराज, एकादशीचे काय?" धर्मशास्त्राने व्रत न मोडणाऱ्या आठ वस्तू सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे आणि औषधही आहे. ज्येष्ठ शुद्ध एकादशीला निर्जला म्हणतात, पण ती जुनी हौस आजारी व थकल्या देहाने चालवू नये. जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटली, तर नाम कोणत्या जिभेने घ्यावे?

दुसरी अडचण माउलींची आहे आणि ती बोलायला कोणी धजत नाही. आजीबाई तहान लागली तरी पाणी पीत नाहीत. का? "वाटेत जावं लागलं तर आडोसा कुठं?" घरीही तेच, रात्री उठावे लागेल, सुनेची झोप मोडेल, म्हणून दुपारपासूनच पाणी बंद. डोईवर पाण्याचा हंडा घेऊन दिंडीत चालणारी माउली स्वतः तहानलेली राहते, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. अलीकडच्या वर्षांत वारीच्या वाटेवर फिरती शौचालये उभी राहतात. दिंडीचालकांनी ती कुठे आहेत हे आधी पाहून ठेवावे, विसाव्याला म्हाताऱ्या बायांना घेऊन जाणारी एक बाई नेमावी. घरी रात्री मोरीकडे दिवा ठेवावा. पाण्याचा मोठा वाटा दिवसा पोटात जावा, म्हणजे रात्रीचे उठणे कमी होते. लघवी आवरत नसेल तर डॉक्टरांना सांगावे. तो विकार आहे, पाप नव्हे.

नाथमहाराजांची गोष्ट आपण सारे जाणतो. काशीहून भरलेली गंगेची कावड रामेश्वरी न्यायची, आणि वाटेत वाळवंटात एक गाढव तडफडत पडलेले. त्या मुक्या जिवाला पाणी मागता येत नव्हते. नाथांनी मागण्याची वाट पाहिली नाही. कावड त्याच्या मुखी रिती केली आणि रामेश्वर तिथेच पावला.

घरोघरी असा न मागणारा जीव आहे. कोणी संकोचाने मागत नाही, कोणाला तहानच कळत नाही, कोणाला विसर पडतो. त्यांना "पाणी हवं का?" असे विचारू नये. उत्तर "नको" असेच येते. पेला भरून हातात द्यावा आणि म्हणावे, "आजी, घ्या. मीही घेतो." हात कापत असेल तर दोन कानांचा हलका पेला द्यावा. आणि कोणी अचानक असंबद्ध बोलू लागला, तोंड वाकडे झाले, शुद्ध हरपली, तर घरी तर्क करीत बसू नये, तोंडात पाणीही ओतू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा.

ते आबा पुढल्या वर्षी पुन्हा वारीला आले. गळ्यात वीणा नव्हे, पाण्याची बाटली अडकवलेली. नातू शेजारी. दर विसाव्याला नातू म्हणे, "आबा, नेम!" आणि आबा हसून दोन घोट घेत. वाखरीपर्यंत आबा आपल्या पायांनी चालले.

असो. आज घरी गेल्यावर देवापुढे तांब्या ठेवाल, त्याच हाताने वडिलांपुढेही एक पेला ठेवा. एवढीच विनंती.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!