खाच

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले; भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्याकडे आले; काही भाग आंध्रात गेला. आमची आत्या उदगीरला दिलेली. तिचे माहेर एका रात्रीत परराज्यात गेले. ते दुःख घरात ऐकतच मी वाढलो. पुढे तरुणपणी सीमाप्रश्नाच्या सभांना सतरंज्या अंथरल्या, भिंती रंगवल्या, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

अशाच एका मोर्चाची पत्रके वाटीत मी बीदरमध्ये एका बिदरी कारागिराच्या दुकानात शिरलो. घरात दखनी, बाजारात कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलणारे ते चाचा सुरईवर चांदीची तार बसवीत होते. मला म्हणाले, "बसा भाऊ, हातातले होऊ द्या."

मी पाहत बसलो. जस्तात थोडे तांबे मिसळून रेतीच्या साच्यात भांडे ओतायचे, घासून गुळगुळीत करायचे, मोरचुदाचे पाणी लावायचे, म्हणजे कलमाने कोरलेली रेघ नीट दिसते. त्या खाचेत तार ठोकायची. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या कढत पाण्यात भांडे बुडवले की जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरीच राहते.

"तार निघत नाही?" मी विचारले.

"खाच उथळ असली, तर कितीही ठोका, निघणारच."

हे वाक्य मला पुष्कळ वर्षांनी उमगले. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही गोष्टींचा आनंदच आहे. पण मानाने तार बसत नाही. त्यासाठी कुणीतरी रोज मान मोडून खाच कोरावीच लागते.

मग चळवळ व्यर्थ का? तसे मी म्हणणार नाही. हातोडीशिवायही तार बसत नाही. शाळेत मराठीचा मास्तर हवा असेल, तर तो मागावाच लागेल. पण मी आयुष्यभर हातोडीच चालवली. माझा नातू घरात मराठी बोलतो, तरी हा लेख त्याला वाचता येणार नाही. तो कन्नड शाळेत शिकतो. त्यात दोष ना त्याचा, ना कन्नडचा. दोष माझा. परक्यांच्या दारात पत्रके नेणाऱ्या मला घरात पाटी घेऊन बसायला सवड झाली नाही.

गेल्या दिवाळीपासून बसतो आहे. तो विचारतो, "आजोबा, चहातला च आणि चमच्यातला च वेगळा का?" मला कारण सांगता येत नाही. मी म्हणतो, "म्हणून पाहा." तो म्हणतो, पुन्हा म्हणतो. खाच अजून उथळ आहे.