गाऱ्हाणे आणि सब्र

विधवा मातेचे निवृत्तिवेतन महिनोन्‌महिने रखडते, वारसाच्या फेरफाराची नोंद तलाठ्याच्या टेबलावरून पुढे सरकत नाही, आणि घरातील वडीलधारे म्हणतात, "सब्र करा, अल्लाह पाहतो आहे." वाचकहो, अल्लाह पाहतो आहे यात संशय नाही. प्रश्न इतकाच की, अधिकाऱ्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडणे हे सब्रच्या विरुद्ध आहे काय?

या ठिकाणी हजरत याकूब (अ.) यांचा दाखला दिला जातो. आपल्या दुःखाची तक्रार आपण केवळ अल्लाहजवळ करतो, असे ते म्हणाल्याचे सूरह यूसुफमध्ये आले आहे. परंतु लगेच पुढच्याच आयतीत ते पुत्रांना यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्यायला धाडतात. दुःख अल्लाहपुढे मांडले म्हणून प्रयत्न थांबला नाही. शिवाय स्वतःचा हक्क सोडून देणे हे औदार्य असेल. दुसऱ्याला, आणि तेही विधवेला व अनाथाला, त्याचा हक्क सोडायला सांगणे हे औदार्य नव्हे. सूरह निसामध्ये वाईट बोल उघडपणे उच्चारणे अल्लाहला आवडत नाही असे सांगताना मजलुमाला स्पष्ट सवलत दिलेली आहे.

मात्र जो गाऱ्हाणे मांडतो तो मजलूमच असतो असे नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत कूफावासीयांनी आपले राज्यपाल हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याविरुद्ध तक्रार केली, ते नमाजही नीट पढवीत नाहीत, इथपर्यंत मजल गेली. साद हे जन्नतची शुभवार्ता मिळालेल्या दहा सहाबांपैकी. तरीही खलिफांनी तक्रार झिडकारली नाही. त्यांना पदावरून दूर केले, त्यांच्याकडून खुलासा घेतला आणि त्यांच्यासोबत चौकशीसाठी माणसे कूफ्यास पाठविली. मशिदीमागून मशिदीत विचारणा झाली. सर्वांनी प्रशंसा केली. केवळ बनू अब्सच्या मशिदीत एक जण उठला आणि म्हणाला की, साद लष्कराबरोबर जात नाहीत, वाटणी समान करीत नाहीत आणि निवाडा न्यायाने करीत नाहीत. तेव्हा साद यांनी दुआ केली की, हा खोटा असेल व केवळ नाव मिळविण्यासाठी उभा राहिला असेल, तर त्याचे आयुष्य लांबव, दारिद्र्य वाढव आणि त्याला फितन्यात टाक. सहीह बुखारीत ही घटना नोंदलेली आहे, आणि त्या माणसाचे म्हातारपण कसे गेले हेही. मजलुमाच्या दुआ आणि अल्लाह यांच्यामध्ये पडदा नसतो, ही हदीस आपण नेहमी अधिकाऱ्यांना ऐकवतो. त्या दिवशी कूफ्यात मजलूम अधिकारी होता.

आपल्या राज्यातील लोकायुक्तांची कार्यपद्धती पाहताना ही घटना आठवते. महाराष्ट्राने 1971 मध्ये कायदा केला आणि 1972 मध्ये देशात सर्वप्रथम ही संस्था प्रत्यक्ष सुरू केली. या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत. कारभारातील दिरंगाई वा चुकीमुळे स्वतःवर अन्याय झाला, तर ते गाऱ्हाणे. अधिकाऱ्याने लाच घेतली वा पदाचा दुरुपयोग केला असे म्हणणे, तो आरोप. चौकशी सुरू करताना तक्रारीची प्रत संबंधित अधिकाऱ्याला पाठवावी लागते व त्याचे म्हणणे ऐकावे लागते. चौकशी खाजगीत चालते; सिद्ध होण्यापूर्वी कोणाची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये, ही शरीअतलाही मान्य असलेली गोष्ट. ज्या बाबतीत न्यायालयाचा वा न्यायाधिकरणाचा मार्ग खुला आहे, तेथे लोकायुक्त सहसा गाऱ्हाणे हाती घेत नाहीत.

चौकशीअंती लोकायुक्त शिफारस करतात, हुकूम देत नाहीत. शासनाच्या कारवाईने समाधान झाले नाही, तर राज्यपालांना विशेष अहवाल पाठवितात. येथे इमाम मावर्दी (मृत्यू इ. स. 1058) यांचे म्हणणे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांच्या मते मजालिम, म्हणजे राज्यकर्त्यांच्या जुलुमाची दाद घेणाऱ्या पदावर, न्यायाधीशाच्या सचोटीबरोबर सत्ताधाऱ्याची जरबही हवी. आणि प्रजेवर अधिकाऱ्याचा जुलूम होत असेल तर त्याने तक्रारदाराची वाट पाहू नये. स्वतःहून चौकशी करण्याची मुभा लोकायुक्तांनाही आहे, जरब मात्र उधारीची आहे. ती मला उणीव वाटते. तथापि त्या उणिवेचे निमित्त करून घरी बसणे मला पटत नाही.

आता आपल्याविषयी. रागाच्या भरात आपण गाऱ्हाण्याचा आरोप करतो. काम अडले एवढे ठाऊक असते. लिहिताना मात्र "पैशांसाठी अडविले" असे लिहिले जाते. पैसे मागितले होते काय? कोणी, कोणापुढे? सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, ती तक्रारदाराला वगळून नाही. आणि स्वतःच आधी शंभर-दोनशे रुपये पुढे करून, काम न झाल्यावर तक्रार करणाऱ्याने अर्जात ते रुपयेही लिहावेत.

गाऱ्हाण्यासाठी कायद्याने बारा महिन्यांची मुदत ठेवली आहे, ती कृती कळल्यापासून मोजली जाते. वृद्ध मातेला स्वतः जाणे शक्य नसेल, तर तिने अधिकार दिलेला मुलगा वा शेजारी तिच्या वतीने अर्ज करू शकतो. कोणत्या तारखेला अर्ज दिला, कोणी काय उत्तर दिले, हे कागदांच्या प्रतींसह तिच्याजवळ बसून लिहून काढावे, आणि पाठविण्यापूर्वी तिला एकदा वाचून दाखवावे.