गालावर राहिलेला कागद

फिगर ड्रॉइंगच्या वर्गात केव्हातरी सगळ्यांना आरशासमोर बसवलं जातं. कारण बहुधा साधंच असतं. मॉडेल आलेलं नसतं, किंवा मॉडेलच्या मानधनाचे पैसे संपलेले असतात, आणि स्वतःचा चेहरा फुकट मिळतो. रेम्ब्रांटने तैलचित्रं, एचिंग आणि रेखाटनं धरून ऐंशीच्या आसपास वेळा स्वतःला काढलं, त्यामागेही हा हक्काचा मॉडेल असणारच. दुपारनंतर कागद भिंतीवर लागतात आणि त्यांच्याबद्दल बोलायची वेळ येते. मला त्या बोलण्याबद्दल लिहायचं आहे. कलाशिक्षणात इतकं नाजूक आणि तरीही इतक्या घाईने उरकलं जाणारं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

एरवी ‘जबडा जड झालाय’ हे वाक्य चित्राबद्दल असतं. इथे तेच वाक्य समोर उभ्या असलेल्या मुलाच्या जबड्याबद्दल होतं. म्हणून शिक्षक दोन सोप्या वाटा धरतात. एक म्हणजे साम्याची. ‘लाइकनेस आलाय’ किंवा ‘नाक हुकलं’ म्हणायचं आणि पुढच्या कागदाकडे वळायचं. दुसरी मन वाचण्याची: ‘डोळ्यांत केवढी वेदना आहे!’ ही दुसरी वाट मला जास्त घातक वाटते. दोन तास आरशात टक लावून बसलेल्या माणसाच्या भुवया आक्रसतात, ओठ मिटतात, मान ताठ होते. त्या बसण्याला वेदना म्हटलं की विद्यार्थी पुढच्या वेळी मुद्दाम वेदना काढू लागतो, आणि नजर चेहऱ्यावरून उडते ती उडतेच.

त्याऐवजी आधी आरशाबद्दल बोलावं. वाफ धरलेल्या आरशावर आपल्या डोक्याची बाह्यरेषा बोटाने काढा आणि मोजा. ती खऱ्या डोक्याच्या निम्मीच भरते, तुम्ही कितीही मागेपुढे सरकलात तरी. अर्न्स्ट गोम्ब्रिचने ‘आर्ट अँड इल्यूजन’मध्ये (1960) हा प्रयोग सांगितला आहे आणि वर्गात तो करून पाहिल्याशिवाय कोणी मान्य करत नाही. डावं-उजवंही उलटतं. व्हॅन गॉगने कापला डावा कान, पण 1889 च्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, कारण तो आरसा रंगवत होता. रेम्ब्रांटच्या एचिंगमध्ये आणखी एक गंमत होते. आरशातला चेहरा तो तांब्याच्या पत्र्यावर कोरतो आणि छापताना प्रतिमा पुन्हा उलटते. त्यामुळे 1630 मधल्या, डोळे विस्फारलेल्या त्या जेमतेम पाच सेंटिमीटरच्या छापात तो लोकांना दिसायचा तसा सुलटा आहे. विद्यार्थ्याचे दोन डोळे दोन दिशांना पाहत असतील, तर उजवा काढताना त्याने आरशात उजव्याकडे पाहिलं आणि डावा काढताना डाव्याकडे, एवढंच. हे ऐकल्यावर मुलांचे खांदे सैल होतात. चूक आपल्या चेहऱ्यातली नाही, पाहण्याच्या रीतीतली आहे, हे त्यांना कळतं. फोनवरच्या सेल्फीवरून काढलेलं चित्रही लगेच ओळखू येतं: नाक पुढे आलेलं, कान मागे पळालेले. हाताच्या अंतरावरची लेन्स तेच करणार.

पण माझा खरा मुद्दा आरशाच्या पुढचा आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कलामहाविद्यालयात भिंतीवर लागलेली वीस-पंचवीस आत्मचित्रं लांबून पाहा. केस काळेभोर, भुवया काळ्या, बुबुळं काळी, नाकाच्या एका बाजूला घोटलेली सावली, आणि गाल, कपाळ, हनुवटी कोऱ्या कागदाची. त्या कागदांखाली उभे असलेले चेहरे मात्र गव्हाळ, सावळे, काळे. एका मुलीचं चित्र मला अजून स्वच्छ आठवतं. मोजमाप चोख होतं. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर होते, नवख्या हातांसारखे वर सरकलेले नव्हते. नाकपुडीची कड, वरच्या ओठाखालची सावली, कानाच्या पाळीचं वळण, सगळं नीट पाहिलेलं होतं. हनुवटीखालचा चारकोल तिने बोटाने इतका हलका पसरवला होता की मान खरोखर मागे गेली होती. ती स्वतः चांगली काळी होती आणि गालावर चारकोलचा कणही नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, ‘ही तर गोरी झाली!’ आणि वर्ग हसला.

अशा वेळी बहुतेक शिक्षक गप्प राहतात. वर्णाबद्दल बोलणं म्हणजे अपमान, असं आपल्या घराघरांत ठरलेलं आहे. स्थळ पाहताना, बाळ पाहताना, लग्नाच्या फोटोंवर हात फिरवताना जे चालतं ते सगळं त्या शांततेत असतं. माझं म्हणणं असं की इथे गप्प राहणं हाच अपमान आहे. शिक्षकाच्या मौनातून विद्यार्थिनीला एकच गोष्ट कळते, की तिचा रंग ही न बोलण्याची बाब आहे. वास्तविक तिच्या कागदावर जे घडलं ते ड्रॉइंगच्या भाषेत अगदी नेमकं सांगता येतं: तिने उजेड-सावली पाहिली, पण त्वचेचा मूळ टोन पाहिला नाही.

तो दिसावा अशी तिची तयारीच झालेली नसते, आणि याला इतिहास आहे. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने इंग्रजी पद्धत आणली. तीत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून शेडिंग शिकायचं असे. ती वहिवाट पुढे राज्यभर गेली. प्लास्टर पांढरं. त्यावर उजेड म्हणजे कोरा कागद, सावली म्हणजे चारकोल. हाताला ही सवय पक्की झाल्यावर समोर माणूस आला तरी हात प्लास्टरच काढतो. ज्या ग्रीक मूर्तींच्या या प्रतिकृती, त्या मूळच्या रंगवलेल्या होत्या. रंग शतकांच्या ओघात उडाले आणि उरलेला पांढरेपणा आदर्श ठरला. म्हणजे आपली मुलं एका झडलेल्या रंगाची शिस्त स्वतःच्या गालावर चढवत आहेत.

याच शाळेत दुसरा धडाही उपलब्ध होता. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 पासून अनेक हंगाम जे. जे. चे विद्यार्थी अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पहिल्या क्रमांकाच्या गुंफेतली सावळी राजस्त्री पाहा. चेहरा गडद आहे आणि त्या गडदपणातच गोलाई आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी अशा चेहऱ्यांवर नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर उजळ रंगाचे नेमके फटकारे दिले. हे निरीक्षण भौतिकशास्त्राच्या कसोटीवरही उतरतं. त्वचेच्या पृष्ठभागावरून थेट परतणारा उजेड सगळ्या वर्णांत जवळपास सारखाच, चार-पाच टक्के असतो. आत शिरून विखरून बाहेर येणारा उजेड मेलॅनिन वाढेल तसा कमी होतो. म्हणून काळ्या त्वचेवर चमक जास्त उठून दिसते, तिच्या कडा स्पष्ट असतात, आणि बाजूच्या भिंतीवरून किंवा कपड्यावरून आलेला परावर्तित उजेडही सावलीत जास्त जाणवतो. ड्रॉइंग करणाऱ्यासाठी हा चेहरा श्रीमंत आहे. गालावर कोरा कागद ठेवला की ही सगळी श्रीमंती जाते, कारण सगळ्यात उजळ टोन गालावरच खर्च होतो आणि चमकेसाठी काही उरत नाही.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, ‘हाताची मागची बाजू कागदाला लाव आणि डोळे बारीक करून बघ.’ तिने हात लावला. सगळ्या वर्गाने पाहिलं. हात आणि कागद यांच्यात केवढा फरक आहे, हे सांगावं लागलं नाही. मग हसणाऱ्या मुलांनीही आपापले हात आपापल्या चित्रांवर ठेवले. एकाचंही चित्र हाताच्या टोनच्या जवळपास नव्हतं. या प्रसंगी शिक्षकाने ‘काळा’ हा शब्द ‘लांब’, ‘रुंद’, ‘तिरका’ या शब्दांच्याच सुरात उच्चारायला हवा. आवाज खाली गेला की मुलांना लगेच कळतं.

दुरुस्तीही हाताशी आहे. विद्यार्थ्याच्या कागदावर शिक्षकाने स्वतः चारकोल चालवू नये. दुसऱ्याच्या चित्रात हात घालणं तसंही वाईट, आणि कोणाच्या चेहऱ्याला आपण रंग लावणं तर नकोच. नवा कागद द्यावा. चारकोलची पूड कापडाने पूर्ण कागदावर चोळायची, त्वचेइतका टोन येईपर्यंत, आणि मग खोडरबरने उजेड काढायचा. किंवा तपकिरी कागद घ्यायचा, त्यालाच मधला टोन मानायचं आणि काळ्याबरोबर पांढरा खडू अगदी जपून वापरायचा. पांढरा खडू हातात आला की मुलं पहिल्यांदाच विचार करतात, उजेड नक्की कुठे आहे? त्या मुलीने दुसऱ्या चित्रात पांढरा चार ठिकाणी लावला: नाकाचं टोक, खालचा ओठ, डोळ्यातला ठिपका आणि गालाच्या हाडावरची एक बारीक रेघ. साम्यही वाढलं, कारण माणूस आपल्याला लांबून ओळखू येतो तो आधी टोनच्या ठेवणीवरून.

अमेरिकेतल्या केरी जेम्स मार्शल यांनी 1980 मध्ये स्वतःला जवळजवळ काळ्यावर काळं असं रंगवलं आणि पुढे अनेक प्रकारचे काळे रंग वापरून माणसांच्या त्वचा घडवल्या. ते चित्र वर्गात दाखवावं. अमृता शेरगिलचं 1934 चं, स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवलेलं चित्रही दाखवावं. उशिरा मात्र नको. हा विषय पहिल्या वर्षी, शेडिंगच्या पहिल्या धड्यातच यायला हवा. प्लास्टरच्या दोन सारख्या प्रतिकृती घ्या, एक पांढरी ठेवा, दुसरीला भाजक्या मातीच्या गडद रंगाचा हात द्या आणि दोन्ही एकाच दिव्याखाली मांडा. वेरूळ आणि घारापुरीचे काळ्या बेसॉल्टमधले चेहरे आपल्याच राज्यात आहेत. सहलीला जाऊन तिथे नुसती बाह्यरेषा काढून न परतता टोनचा अभ्यास करून घ्या. रंगाचा एक डबा आणि एक सहल, एवढाच खर्च आहे. अभ्यासक्रम बदलायची वाट न पाहता कोणत्याही शिक्षकाला तो या दिवाळीनंतरच्या सत्रात करता येईल.