जुडगा कुणाच्या कमरेला?

बस. आधी तो फोन पालथा ठेव. चहा नंतर.

मघापासून तेच ऐकतोय. "सर, अकरा वर्षांचे फोटो गेले. सर, आजीचा आवाज गेला. सर, तुमची कुणाशी ओळख आहे का त्या कंपनीत?" ओळख? ती काय तलाठी कचेरी आहे, की मी आत जाऊन भाऊसाहेबांच्या कानात सांगेन? त्या दाराआड माणूसच नाही. फॉर्म आहे. तो तू सात वेळा भरलास आणि सातही वेळा उत्तर एकच आलं: हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटली नाही. कोणती कंपनी ते मला सांगू नकोस. सगळ्यांचा मासला एकच.

फोन ताम्हिणीच्या पाण्यात पडला. पडू दे, फोन पडतात. पण खात्याला जोडलेला नंबर कोणता? दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. ओटीपी जातोय त्या मेलेल्या नंबरावर. आणि पर्यायी ईमेल? आपल्या कॉलेजचा! पास झाल्यावर सहा महिन्यांत तो बंद होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. 'रिकव्हरी कोड उतरवून ठेवा' असं त्या कंपनीने बजावलं होतं. तू काय दाबलंस? 'नंतर'. किती वेळा दाबलंस? आता ते 'नंतर' उजाडलंय. घे.

कंपनीने लुबाडलं म्हणतोस. कंपनीचा हिशोब मी घेणार आहे, काळजी करू नकोस. पण आधी तुझा.

तू कोण आहेस? अडाणी आहेस? तिसऱ्या वर्षाला लॅबमधला मेलेला पीसी लिनक्सची सीडी घालून उठवणारा तूच ना? पाटील मॅडमच्या पुसलेल्या मार्कांच्या फाइली रात्री दहापर्यंत बसून परत काढणारा तूच ना? आज हिंजवडीत बसून काय करतोस? दुसऱ्यांच्या डेटाची राखण. दर तिमाहीला 'डिझास्टर रिकव्हरी'ची रंगीत तालीम करतोस. एखाद्या पोराने बॅकअप न घेता सर्व्हरला हात लावला तर त्याला सगळ्यांसमोर सोलतोस, हे तूच मागे हसत हसत सांगितलंस. आणि घरी? आजीच्या आवाजाची प्रत एक. एकाच जागी. त्या जागेची किल्ली दुसऱ्याकडे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तीन-दोन-एक म्हणजे काय ते म्हण. म्हण मोठ्याने. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पाठ आहे ना? पाठ असतंच. कळतं सगळं, वळत काहीच नाही. न कळणाऱ्याला मी समजावतो. तुझ्यासारख्याला काय करायचं?

"वेळ नव्हता सर." अकरा वर्षं? चार हजार दिवसांत एक रविवारची दुपार सापडली नाही? वेब सिरीजचे आठ भाग एका रात्रीत संपवायला सापडली. हार्ड डिस्क महाग आहे का? तुझ्या पायातल्या बुटांपेक्षा स्वस्त मिळते. वेळ नव्हता म्हणू नकोस. कंटाळा होता म्हण. खरं बोललास तर निम्मा राग इथेच उतरेल माझा.

"फुकट होतं ना सर." फुकट! शहाणा माणूस फुकट जेवण दिसलं की आधी यजमानाचा धंदा विचारतो. २०१५ साली गुगल फोटोज आलं. किती ठेवायचे तितके फोटो ठेवा, पैसा नको. सगळ्या जगाने घरचे अल्बम उचलून तिथे नेऊन टाकले. मग १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशोबात धरू लागले. तो कोटाही एकट्या फोटोंचा नाही, ईमेल आणि ड्राइव्हही त्यातच. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजायला लागले. आधी पंगतीला बसवलं, मग पाटाचं भाडं मागितलं. त्यात फसवणूक कुठे आहे? अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं. तू वाचलंस? 'मान्य आहे' वर बोट ठेवायला तुला दोन सेकंद लागतात. भाजीवाल्याशी दहा रुपयांच्या मेथीवरून पाच मिनिटं हुज्जत घालतोस.

आता काय म्हणणार ते माहीत आहे. "मग पैसे भरतो सर, पैसे भरले की प्रश्नच नाही." असं? ऐक मग.

जुलै २००९. अमेरिकेत लोकांनी ॲमेझॉनच्या किंडलवर पैसे मोजून पुस्तकं घेतली. त्यातली काही पुस्तकं ज्याने दुकानात चढवली होती त्याला त्यांचे हक्कच नव्हते. हे लक्षात आल्यावर ॲमेझॉनने काय केलं? लोकांच्या हातातल्या यंत्रांमधून ती पुस्तकं परस्पर पुसून टाकली. न विचारता. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी काढलेली टिपणं त्या पुस्तकाला जोडलेली होती, ती निरुपयोगी झाली. आणि पुस्तक कोणतं होतं? ऑर्वेलचं '१९८४'. नको असलेला मजकूर सत्ता नाहीसा करते, त्याचीच गोष्ट. पुढे ॲमेझॉनच्या तेव्हाच्या प्रमुखाने, बेझोसने, जाहीर माफी मागितली. माफीचं सोड, कळीचा मुद्दा पकड. कागदी पुस्तक विकल्यावर दुकानदार रात्री तुझ्या घरात शिरून ते नेऊ शकतो का? नाही. मग हा कसा शिरला? दाराची किल्ली पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच होती.

तू 'विकत घेतलं' म्हणतोस, कंपनीच्या कागदात लिहिलेलं असतं 'वापरायचा परवाना'. कॅलिफोर्नियाने तर त्यासाठी कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे अशा डिजिटल वस्तूंवर नुसतं 'विकत घ्या' लिहून चालत नाही, मिळतो तो परवाना आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. शब्दाचा अर्थ सांगायला कायदा करावा लागला, इतकी आपली झोप गाढ.

अजून पटत नाही? आपल्या शेजारचं उदाहरण घे. गुजरातमधल्या वाडिनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करते. तुझ्या-माझ्यासारखं फुकट खातं नव्हे, पैसे भरून घेतलेले परवाने. नायरात रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा, म्हणून जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिचा ईमेल आणि टीम्स बंद केलं. कंपनी भारतातली, माणसं भारतातली, पैसे भरलेले, निर्णय युरोपातला, आणि बटण अमेरिकेतल्या कंपनीच्या हातात. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या रिफायनरीला आपलाच पत्रव्यवहार वाचायला कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि तू मला महिन्याच्या एकशेतीस रुपयांच्या पावतीचा रुबाब दाखवतोस?

"पण सर, सगळे तिथेच आहेत. पर्याय कुठाय?" हे तुझं सगळ्यात आवडतं रडगाणं. जानेवारी २०२१ आठवतो? व्हॉट्सॲपने नवं धोरण आणलं, मान्य करा नाहीतर चालते व्हा म्हणाले. तेव्हा तू या खोलीत येऊन केवढा तावातावाने बोलला होतास! सिग्नल ॲप टाकलंस. मलाही टाकायला लावलंस. इतक्या लोकांनी एकाच वेळी टाकलं की नोंदणीचे कोड यायलाही उशीर होत होता. त्या गोंधळाला घाबरून व्हॉट्सॲपने ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली. म्हणजे पर्याय होता. धक्काही बसला होता. मग काय झालं? १५ मे आला, आणि तुम्ही सगळे गुपचूप 'मान्य आहे' दाबून मोकळे. सिग्नलवर आज माझ्याकडे तीन माणसं उरलीत. त्यातला एक तू आणि तुझा शेवटचा निरोप चार वर्षांपूर्वीचा. वाचतो मी अधूनमधून. 'सर, आता माघार नाही' असा आहे.

वडिलांच्या लॅपटॉपचं काय केलंस? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या मशीनवर चढत नाही, म्हणून भंगारात दिलास ना? नाना त्यावर काय करत होते? पंचांग बघायचे, कीर्तनं ऐकायचे आणि चार ओळींचं पत्र टाइप करायचे. त्याला लिनक्स पुरलं नसतं? आयुष्यभर लिनक्सच्या सर्व्हरवर पोट भरणाऱ्या माणसाने बापाच्या चांगल्या लॅपटॉपवर ते एकदा घालून पाहू नये? नाचता येईना म्हणणाऱ्याला एक वेळ माफी आहे. तुला नाचता येतं रे. तू अंगणातच उतरत नाहीस.

"सरकारने काहीतरी करायला हवं." करतंय की! स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला तेराशे कोटींहून जास्त दंड लावला. व्हॉट्सॲपच्या त्याच धोरणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा. मग अपिलं, तारखा, पुन्हा अपिलं. चालू दे, चाललंच पाहिजे. या कंपन्या काही संत नाहीत. दार आत यायला सताड उघडं आणि बाहेर जायला बोळकांडी, अशी घरं त्या मुद्दाम बांधतात. त्यांना वेसण घालायलाच हवी. पण दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते. त्यातून तुझ्या आजीचा आवाज परत येईल का?

आणि लोकांनी रेटा लावला तर होतं, हेही तुला ठाऊक आहे. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' आलं होतं, निवडक संकेतस्थळं फुकट आणि बाकीच्यांना पैसे. लाखो लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायला ईमेल लिहिले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असल्या दुजाभावाच्या दरांवर बंदी घातली. त्या लाखोंमध्ये एक ईमेल तुझा होता. मला दाखवायला आणला होतास, इंग्रजीच्या चुका काढून घ्यायला. कुठे गेला तो पोरगा? पगार वाढला तसा कणा मऊ होतो का रे?

मी तुला फोन फेकून दे म्हणत नाही. मीही व्हॉट्सॲपवर आहे, सोसायटीचं पाणी कधी येणार ते तिथेच कळतं. भाड्याच्या घरात राहायला हरकत नाही. भाड्याच्या घराच्या भिंतीत सोनं पुरून ठेवायचं नाही, एवढंच.

माझी गोष्टही ऐक, म्हणजे म्हातारा नुसता बोलतो असं वाटायला नको. १९९९ च्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचा संपादक मी. सगळा मजकूर त्या काळच्या एका मराठी फाँटमध्ये. युनिकोड आमच्याकडे पोचायचं होतं. ज्याच्या त्याच्या पॅकेजचं वेगळं संकेतन, आणि ते चालवायला संगणकाच्या पाठीमागे खोचायचा एक डोंगल. पुढे डोंगल बिघडला. मग ती फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-चौकोन. एकशे वीस पानं माझीच आणि मला वाचता येईनात. शेवटी कपाटातला छापील अंक काढला आणि दोन महिने बसून पुन्हा टाइप केला. कागद वाचला म्हणून मी वाचलो. त्या दिवसापासून जी फाइल दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडत नाही, ती मी माझी मानत नाही. मला धडा एका अंकावर मिळाला. तुला आजीवर मिळाला. महाग पडला, पण मिळाला.

आजीचं तूच सांगायचास ना? किल्ल्यांचा जुडगा झोपतानाही कमरेला. फडताळाची, पेटीची, कोठीची. सुनेलाही मागून घ्यावा लागे. चौथी नापास बाई. पण आपलं काय आणि त्याची किल्ली कुणाकडे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नातू बी.ई. कॉम्प्युटर. त्याने घरातला सगळा जुडगा परक्याच्या कमरेला बांधला, आणि वर त्यालाच विचारतो, मला आत घेता का?

डोळे पुस. रडून सर्व्हर पाघळत नाहीत.

जात्यावर बसून तिने म्हटलेली ती ओवी तू कोल्हापूरच्या आत्याला पाठवली होतीस, बरोबर? मला तेव्हाच सांगितलं होतंस. आत्याचा जुना फोन कुठे आहे? माहीत नाही ना? विचार. आत्ता, इथून, माझ्यासमोर लाव फोन. बायका जुने फोन फेकत नाहीत, डब्यात घालून ठेवतात. सापडला तर चार्जरला लावायच्या आधी मला कळव. घाईने काही अपडेट करू नकोस.

आणि पुढच्या रविवारी सकाळी नऊला ये. दोन हार्ड डिस्क आण. उरलेल्या सगळ्या खात्यांमधून तुझा डेटा उतरवून आण. ती सोय बहुतेक कंपन्यांकडे असते, फक्त मेनूच्या तळाशी दडवलेली. चालू नंबर जोड, रिकव्हरी कोड कागदावर लिही, आणि तो कागद नानांच्या कपाटात ठेव. एक डिस्क तुझ्या घरी राहील, एक माझ्याकडे. मी मेलो तर माझ्या मुलीकडून घेऊन जा, तिला सांगून ठेवतो.

रिकाम्या हाताने आलास तर दार उघडणार नाही. आत्याचा नंबर लागतोय का?